पाऊस कोणी बांधला

भंडारा जिल्ह्यात मी तलाव पाहायला गेलो होतो. पुण्यातल्या ज्या दैनिकात मी काम करत असे, त्याच्या रविवारच्या पुरवणीला जुन्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, गावोगाव बांधलेल्या तलावांवर आणि त्यांच्या पाण्यावर पिकणाऱ्या धानावर लेख हवा होता. संपादकांना हिरवागार लेख अपेक्षित होता. तसा लेख झाला नाही. जे पाहिले त्यातले निम्मे तेव्हा छापता आले नाही, ते आता लिहितो आहे. गावाचे नाव या मजकुरात नाही आणि गावातल्या माणसांची नावे बदललेली आहेत. त्याचे कारण वाचकांच्या आपोआप लक्षात येईल.

मी मूळचा नगर जिल्ह्यातला. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगांमधून फिरत बातमीदारी शिकलो. आमच्याकडे पाऊस पडला नाही की लोक आधी आभाळाकडे बघतात आणि मग सरकारकडे. शेजाऱ्याकडे कोणी बघत नाही. भंडाऱ्याला जाईपर्यंत सगळीकडे असेच असणार, असे मी धरून चाललो होतो.

जवाहरनगर

पहिला मुक्काम जवाहरनगरला, एका सहकाऱ्याच्या मेहुण्याकडे होता. लांजेवार हे त्यांचे नाव. ते दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते. वसाहतीत सरळ रस्ते, एकसारखी क्वार्टर्स, नळाला ठरल्या वेळी पाणी. सकाळी कारखान्याच्या बसगाड्या माणसे उचलून नेत आणि संध्याकाळी आणून सोडत. जुलै सुरू होऊन बरेच दिवस झाले होते, तरी हवा मे महिन्याची होती. पण वसाहतीत त्याबद्दल कोणी फारसे बोलत नव्हते. एका क्वार्टरपुढे माळी रबरी नळीने गुलाबांना पाणी घालत होता.

"तलाव पाहायले आले तुम्ही, पण तलावात पाणी कुठे आहे जी?" लांजेवार जेवताना म्हणाले. "मृगात जरा आला अन् गेला. आर्द्रा कोरडी, आता पुनर्वसूही कोरडा चालला. अन् खेड्यातले लोक म्हणतात, हे तुमच्या फॅक्टरीचं काम. धमाके करता म्हणून ढग फुटतात. माझा मावसभाऊ सीताराम त मला ढगफोड्याच म्हणतो."

"यांना देवापुढचा नारळ फोडता येत नाही," लांजेवारवहिनी पोळी वाढत म्हणाल्या. "ढग काय फोडतात!"

या आरोपाला काही आधार आहे का, ते मी दोघातिघांना विचारले. आधार कोणापाशीच नव्हता. पण हसण्यावारी नेताना लांजेवार मधूनच खिडकीबाहेर पाहत होते, हेही मी टिपून ठेवले. रोज आरोप ऐकणाऱ्या माणसाला स्वतःचीच थोडी शंका येऊ लागते, असे मला वाटले.

"आता मात्र त्यानं माझा पिच्छा सोडला," ते म्हणाले. "त्याले गावातच एक माणूस सापडला. वीटभट्टीवाला. म्हणे त्यानं पाणी बांधलं."

इकडे पावसालाही पाणीच म्हणतात. मी तलावाचा विषय बाजूला ठेवला आणि सीतारामच्या गावची एस्टी विचारून घेतली.

करडीच्या पुढे

वैनगंगेच्या पुलावरून पाहिले तर नदी एका कडेने वाहत होती आणि बाकी सगळी वाळू होती. करडीच्या पुढे एका फाट्यावर उतरलो. सीताराम बैलगाडी घेऊन आला होता. चाळिशीचा, बोलका माणूस. त्याच्या बैलांपैकी एकाचे शिंग मधूनच तुटलेले होते.

धानाचा प्रदेश मी पहिल्यांदाच पाहत होतो. आमच्याकडे बाजरी पेरली की पेरली. इथे एका कोपऱ्यात दाट रोपे तयार करतात, त्यांना पऱ्हे म्हणतात. बांध घातलेल्या वाफ्यांत, म्हणजे बांध्यांत, पाणी साचले आणि चिखल झाला की ती उपटून सगळ्या शेतात एकेक करून रोवतात. म्हणजे पाऊस नुसता पडून चालत नाही, तो साचावा लागतो. सीतारामचे पऱ्हे तयार होते. खरे म्हणजे तयार होऊन जुने झाले होते आणि शेंड्याला पिवळे पडत होते. बांध्यांत ढेकळे होती.

"आठ दिवस," सीताराम म्हणाला. "त्याच्यावर गेलं त पऱ्हे बैलाले. मंग वर्षभर काय रोवाचं अन् काय खावाचं?"

त्याच्या घरी भात, आंबट वरण आणि लाखोरीच्या डाळीचे वडे होते. ही डाळ फार खाल्ली तर पाय लुळे पडतात, असे मी वाचलेले होते. वडा ताटाच्या कडेला सरकवला. सीतारामच्या ते लक्षात आले.

"खा ना जी. आमचा बाप खात होता, त्याचा बापही खात होता. दोघंही आपल्याच पायानं तलावावर जात."

मी एक खाल्ला. चव चांगली होती. दुसरा मात्र घेतला नाही.

जेवणानंतर तो मला तलावाकडे घेऊन गेला. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून पाहिले. मधोमध एक डबके आणि त्यात म्हशी. बाकी तळाला भेगा पडल्या होत्या आणि कडेला बेशरमाची झुडपे माजली होती. पाळीच्या पलीकडे, गावाच्या जागेत, वीटभट्टी होती. भट्टी रचून तयार होती, पण पेटलेली नव्हती. तिच्या भोवती कच्च्या विटांच्या लांब ओळी, वर धानाचे तणीस पसरलेले.

"पाहा," सीताराम म्हणाला. "साऱ्या गावात एकाच माणसाले पाणी नाई पायजे. पाणी आलं त याच्या विटांचा चिखल होते. मंग पाणी कोन बांधलं असन?"

फायदा कोणाचा, हा आमच्या धंद्यातला पहिला प्रश्न आहे. गावाने तोच विचारला होता. उत्तरही त्याच पद्धतीने काढले होते. त्यामुळे तर मला त्याची जास्त धास्ती वाटली.

पाणी कसे बांधतात, तेही त्याने सांगितले. कोरे नाही, घरातलेच वापरातले मडके घ्यायचे, त्यात दिवा ठेवायचा आणि भट्टीजवळ पालथे पुरायचे. दिवा मडक्याखाली आहे तोवर ढग येतात, पण बरसत नाहीत. मडके काढले की पाऊस सुटतो. हे त्याने इतक्या सहज सांगितले की मोटारीचे पंक्चर कसे काढतात ते सांगतोय असे वाटावे.

भट्टीवाल्याचे नाव डोमाजी. तोही शेतकरीच, शेत कमी म्हणून विटांकडे वळलेला. शिवाय तो सीतारामच्या थोरल्या बहिणीचा, भागरताबाईचा नवरा. इकडे बहिणीच्या नवऱ्याला भाटवा म्हणतात.

"काय भाटवा," सीतारामने लांबूनच आवाज दिला, "पावणे आनले. पेपरवाले आहेत. पानी कुठं ठेवलं दाखव त्याहिले!"

"तुह्या घागरीत पाह्य," डोमाजी जागचा न हलता म्हणाला. "तुले त दुसऱ्याचं मडकंच दिसते."

दोघेही हसले नाहीत.

भट्टीला लागूनच त्यांचे घर होते. तिथे भागरताबाईने मला प्यायला पाणी दिले. दाराशेजारच्या मातीच्या चबुतऱ्यावर मडके होते. त्याच्या काठाचा टवका उडालेला होता आणि गळ्यावर चुन्याच्या तीन रेघा ओढलेल्या होत्या. पिण्याच्या पाण्याचे मडके दुसऱ्या कशाला कोणी घेऊ नये म्हणून ती खूण असल्याचे तिने सांगितले. पाणी गार होते.

डोमाजी कमी बोलणारा माणूस होता. बाकी भट्ट्या मृगाच्या आधी लागून गेल्या, त्याची राहिली. कारण सरपण वेळेवर आले नाही. "पह्यले आंबागडाकडून लाकूड येत होतं," तो म्हणाला. "औंदा मिळालं नाई. उशीर झाला. बस, हेच माहं पाप."

"आणि मडके?"

"मडकं नाई जी. असतं त काढून नसतं देल्लं? मलेही दोन बांध्या आहेत. माह्येही पऱ्हे वारून राहिले."

पऱ्हे वाळताहेत हे खरे होते, मी पाहिले होते. पण दोन बांध्यांच्या धानापेक्षा त्या विटा कितीतरी मोलाच्या होत्या, हेही दिसत होते. मी त्याचे म्हणणे लिहून घेतले आणि त्यावर विश्वास ठेवला नाही. त्याने मडके पुरले असेल असे नव्हे. माझा एवढाच समज झाला की रोज सकाळी आभाळ निरभ्र पाहून त्याला बरे वाटत असणार आणि ते गावाला त्याच्या चेहऱ्यावर दिसत असणार.

संध्याकाळी पारावर बैठक होती. निर्णय साधा होता. डोमाजीने परवापर्यंत स्वतः मडके काढून द्यावे, नाहीतर गाव खोदेल. खोदूनही त्याने कबूल केले नाही तर भट्टीची जागा सोडावी आणि गावही. भागरताबाई कोपऱ्यात उभी होती. तिने भावाकडे पाहिले. त्याने तिच्याकडे पाहिले नाही.

आंबागड

मधला दिवस मोकळा होता. लाकूड वेळेवर का आले नाही, हे मला पाहायचे होते. तुमसरवरून आंबागडला गेलो. पायथ्याशी मोहाच्या झाडाखाली एक म्हातारी चहा विकत होती. चहात दूध नावालाच होते, पण आले भरपूर.

किल्ल्यावर चढताना चपलेचा अंगठा तुटला. उरलेली चढण अनवाणी करावी लागली आणि तापलेल्या दगडांनी तळव्यांना फोड आले. वर भिंती अजून बऱ्यापैकी उभ्या आहेत. पण लक्षात राहिला तो उतार. एका बाजूला दाट जंगल, सागाची पाने वाऱ्याने वाजत होती. दुसऱ्या बाजूला, जिथून गाडीवाट खाली जाते, तिथे बुंधे. काही जुने, करडे पडलेले, काही ताजे. त्या बाजूने येणारा वारा चुलीसमोर उभे राहिल्यासारखा होता. पाचपंचवीस पावले सरकून जंगलाच्या बाजूला आले की तोच वारा सोसवेल असा होई. मी दोनतीनदा इकडून तिकडे गेलो, कारण पहिल्यांदा मला तो उन्हाचा भास वाटला. तो भास नव्हता.

खाली येऊन म्हातारीला विचारले, "इथले लाकूड कोणी नेले?"

"कोन नेलं कायले इचारता?" ती म्हणाली. "कोन नाई नेलं थे इचारा ना जी. लवकर सांगता येईन."

मग तिने सांगितले. भट्ट्यांसाठी गेले, घरांच्या छपरांसाठी गेले, सरकारी ठेक्यात गेले, तिच्या स्वतःच्या चुलीतही गेले. लांबलांबून, वाटेत मुक्काम करत गाड्या येत. करडीकडच्याही येत. "एक त तुटक्या शिंगाच्या बैलाची येत होती. मानूस लगित बोलका. च्या पेत पेत साऱ्या जगाची बातमी सांगे. औंदा जंगलवाल्याहिनं नाका बसवला, तवापासून बंद."

"झाडे गेली म्हणून पाऊस गेला, असे वाटते तुम्हाला?"

"मले काय कळते बाप्पा? पह्यले ढग या डोंगराले टेकत होता. आता टेकत नाई, वरूनच जाते. बसाले जागा नसन त पावना तरी कायले बसन?"

ही साक्ष म्हणून कितपत धरावी, मला ठरवता आले नाही. डोंगराच्या एका अंगाची झाडे गेल्याने करडीकडचा पाऊस थांबतो, असे कोणता तज्ज्ञ छातीठोक सांगेल? पण मडक्याची गोष्ट आणि म्हातारीची गोष्ट यांत एक फरक होता. मडके मी पाहिलेले नव्हते. बुंधे पाहिले होते.

परत आल्यावर सीतारामला विचारले. तो अंगणात बैलांना चारा टाकत होता.

"तुमची गाडीही आंबागडला जात होती."

"जात होती. भाड्यानं. लाकूड भाटव्याचं, भट्टी भाटव्याची."

"विटा?"

"विटा गावाच्या. साऱ्याहिले पक्की घरं पायजेत. मलेही पायजे. माह्या भिंतीच्या विटा त्याच ओळीत पडल्या आहेत." तो थोडा थांबला. मला वाटले, आता त्याच्या लक्षात येईल. आले असावेही. त्याने तुटक्या शिंगाच्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "पन मडकं त्यानंच पुरलं."

भट्टीवर

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव भट्टीवर जमले. डोमाजी हात बांधून उभा होता. त्याने पुन्हा एकदा सांगितले की मडके नाही. कोणी त्याच्याशी भांडले नाही. कुदळी आणलेल्याच होत्या.

आधी भट्टीच्या तोंडापाशी खोदले. मग दोन्ही अंगांना. रचलेला एक कोपरा ढासळला, कच्च्या विटा फुटल्या, पायाखाली त्यांचा भुगा झाला. त्यांतल्या काही सीतारामच्या भिंतीच्या असणार. काही सापडले नाही. ऊन चढत गेले तसे आवाजही चढले. पाऊस न पडण्याचा राग आता मडके न सापडण्यावर निघत होता. कोणीतरी म्हणाले, घरात असेल. दुसऱ्याने जागाही सांगितली, चुलीखाली. दोनतीन माणसे कुदळी घेऊन घराकडे वळली.

तेवढ्यात भागरताबाई तणसाच्या ढिगाशेजारी एका जागेवर जाऊन बसली. मांडी घालून, पदर डोक्यावर घेऊन.

"इथं खंदू नोका," ती म्हणाली.

घराकडे निघालेली माणसे थांबली.

"ऊठ वं बाई," सीताराम म्हणाला.

"नाई उठत."

"काऊन?"

"नाई उठत म्हनलं ना. बाकी कुठंही खंदा. इथं नोका."

सगळे तिच्याभोवती आले. सीतारामने कुदळ खाली ठेवली आणि बहिणीला खांद्याला धरून उठवले. ती फार जोर न लावता उठली. हे मी जवळून पाहिले. माती भुसभुशीत होती. दुसऱ्या तिसऱ्या घावाला कुदळ खापराला लागली.

मडके पालथे होते. खाली एक पणती. गर्दीतून जो आवाज निघाला त्यात राग कमी आणि सुटका जास्त होती. सीतारामने मडके उचलून सगळ्यांना दाखवले. काठाचा टवका उडालेला होता. गळ्यावर चुना खरवडून काढलेला होता, पण तीन रेघांच्या जागा अजून पुसट दिसत होत्या.

मी घराकडे पाहिले. दाराशेजारचा चबुतरा रिकामा होता.

डोमाजी मडक्याकडे पाहत होता. मग त्याने बायकोकडे पाहिले. तिने पाहिले नाही. मडके नाही असे तो इतके दिवस सांगत होता आणि ते खरे होते, हे त्या गर्दीत आता तिघांनाच माहीत होते. तिसरा मी. मी बोललो असतो तर काय झाले असते, त्याचा हिशेब फार वेळ करावा लागला नाही. कुदळी पुन्हा चुलीकडे गेल्या असत्या. शिवाय बोलायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क त्या मडक्याच्या मालकिणीचा होता, आणि तो तिने बजावला होता.

डोमाजीला मारोतीपुढे नारळ फोडून पारावर माफी मागायला लावले. त्याने मागितली. भट्टीची जागा आणि घर त्याच्याकडे राहिले. सीताराम त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "झालं गेलं सोड, भाटवा." तो मनापासून बोलत होता.

निघताना त्यांच्या घरी गेलो. पाणी पितळी तांब्यातून मिळाले.

"तुनं मले चोर केलं," डोमाजी बायकोला म्हणत होता. मला पाहूनही तो थांबला नाही. "जिंदगीभर आता मी पानी बांधनारा."

"चोराले दंड होते अन् काम सरते," ती शांतपणे म्हणाली. "नाई म्हननाऱ्याचं घर खंदतेत. भेटलं नसतं त थे थांबले असते काय? तुमीच सांगा ना जी, थांबले असते?"

ते मला उद्देशून होते. "नाही," मी म्हणालो.

पुन्हा जवाहरनगर

दुसऱ्या दिवशी दुपारी लांजेवारांच्या ओट्यावर बसलो होतो. पूर्वेकडून काळे ढग आले आणि पाऊस सुरू झाला. साधा नव्हे, दणदणीत. माळी नळी गुंडाळून पळाला. क्वार्टर्समधली पोरे बाहेर धावली.

"आला बाई एकदाचा!" वहिनी दारात येऊन म्हणाल्या. "कोणी सोडला म्हणायचा?"

त्या गमतीने बोलल्या. लांजेवार हसले नाहीत. मीही नाही. पूर्वी कधीही पाऊस आला की मी वास घेई, हात बाहेर काढी. त्या दिवशी मी घड्याळ पाहिले आणि मडके निघाल्याला किती वेळ झाला ते मोजले. पाऊस पाहून मनात पहिला शब्द "कोणी" हा यावा, हे आधी कधी झाले नव्हते. नंतर मात्र पुष्कळदा झाले. आभाळ, वारा, ऊन यांत माणसाचा हात असेल अशी शंका एकदा शिरली की ती निघत नाही. मग साधी झुळूकही साक्षीदारासारखी तपासावी लागते.

पुरवणीत तलावांवर एक माहितीपर लेख छापून आला. त्यात मडके नव्हते.

काही वर्षांनी, कार्तिकात

ऐंशीचे दशक संपत आले तेव्हा दुसऱ्या कामासाठी गोंदियाला गेलो होतो. परतताना वाट वाकडी करून गावात उतरलो. धान कापून झाला होता. कापलेला धान दोनचार दिवस वाळायला शेतातच पसरून ठेवतात. बांध्याबांध्यांत सोनेरी ओळी होत्या. एवढ्यात पाऊस आला तर दाणा तिथेच कोंब धरतो. आणि आभाळ भरून आले होते. कार्तिकात असे आभाळ पूर्वी येत नसे, असे एस्टीतले सगळे सांगत होते. पूर्वीबद्दल सगळेच सगळे सांगतात, म्हणून मी ते बेताने घेतले.

गावात विटांची बरीच घरे झाली होती. सीतारामचेही. डोमाजी पाळीवर बसलेला दिसला. केस पांढरे झाले होते.

त्याने जे सांगितले ते असे. त्या वर्षानंतर दर वर्षी मृगाच्या आधी गाव भट्टीवर येते आणि खोदते. दर वर्षी मडके सापडते. सापडले की नारळ फुटतो, सगळे चहा पिऊन घरी जातात. भागरताबाई बाजारातून त्यासाठी एक मडके जास्तीचे आणते आणि काही दिवस पाणी भरून वापरात ठेवते, कारण कोरे चालत नाही. एका वर्षी ती तापाने आजारी होती, पुरायचे राहिले. तेव्हा लोक इतके अस्वस्थ झाले की तिने अंथरुणातून उठून मडके त्यांच्या हातात आणून दिले. भट्टी आता वेळेत लागते. पाऊस मात्र त्यानंतरही कधी आला, कधी नाही.

"अन् आता पाह्य," डोमाजी म्हणाला. "सकारी सीताराम आलता. मानूस कसा बोलते! म्हने, भाटवा, तुले येते. दोन दिवस बांधून दे ना. साऱ्या गावाचा धान पडला आहे."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हनू? नाई म्हनलं त म्हनतीन, डूख धरून पानी पाडलं. हो म्हनलं अन् पानी पडलं, तरी थेच. अन् पडलंच नाई त..." त्याने पुढचे सांगितले नाही. पडलेच नाही तर तो खरोखरच पाणी बांधणारा ठरला असता आणि पुढचा प्रत्येक कोरडा दिवस त्याच्या नावावर गेला असता.

घरापुढे भागरताबाई दिसली. मडक्यातले पाणी ओतून ते पुसत होती. म्हणजे सीतारामला होकार तिने देऊन टाकला होता.

वारा सुटला. त्याला ओल्या मातीचा वास होता. दोघेही आभाळाकडे पाहत बसलो.

"तुमी शिकले मानसं," डोमाजी म्हणाला. "एक गोष्ट खरी सांगा. मानसाले पानी बांधता येते काय?"

त्या महिन्यात माझ्या टेबलावर एक परदेशी बातमी आली होती. कारखान्यांच्या चिमण्यांचा, गाड्यांचा, जाळलेल्या कोळशाचा धूर जगाचे हवामान बदलतो आहे, असे काही शास्त्रज्ञांचे म्हणणे. मी ती दोन परिच्छेदांत कापून आतल्या पानावर टाकली होती आणि मथळ्यापुढे प्रश्नचिन्ह दिले होते. शंभर टक्के खात्री नसताना प्रश्नचिन्ह द्यायचे, असा नियम आहे. डोमाजीला नाही म्हणणे सोपे होते. पण आता तेही खात्रीने म्हणता येत नव्हते.

"एकट्याला येत नाही," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिले. माझी उलटतपासणी चालली आहे, असे मला वाटले. मग तो भट्टीकडे, गावातल्या विटांच्या घरांकडे आणि पलीकडे आंबागडच्या दिशेला पाहू लागला.

"मंग त सगळ्याहिच्या घरी खंदा लागन," तो म्हणाला आणि उठून बायकोच्या हातातून मडके घ्यायला गेला.

मी फाट्यावर येऊन एस्टीत बसलो. गाडी हलली तेव्हा काचेवर एक थेंब पडला, पाठोपाठ दुसरा. गाडीत त्याच गावचा धान कापून परतणारी माणसे होती. त्यांतल्या एकानेही मान वर करून आभाळाकडे पाहिले नाही. सगळ्यांनी खिडकीतून मागे पाहिले, पाळीच्या दिशेला, जिथे भट्टी होती.

मीही तिकडेच पाहिले.